उंबरठ्यावरचे प्रश्न

निवडणुकीच्या दिवसांत भाषण करणारे पुष्कळ सापडतात. दारात उभे राहून ऐकून घेणारे थोडे. सभेतील वक्त्याला सहसा कोणी मध्येच अडवीत नाही, आणि अडविलेच तर स्वयंसेवक त्या माणसाला हळूच बाजूला नेतात. घरोघरी फिरणाऱ्या कार्यकर्त्याला ही सवलत नसते. संध्याकाळची दिवेलागणीची वेळ, आत स्वयंपाक चाललेला. कार्यकर्ता पत्रक हाती देतो, उमेदवाराचे नाव व चिन्ह सांगतो आणि पुढच्या दाराकडे वळू लागतो, तोच मागून विचारणा होते : 'ते सगळं खरं दादा, पण नळाला चार दिवसांनी पाणी येतं, त्याचं काय?'

या प्रश्नाचे उत्तर पत्रकात नसते. पत्रकात 'मुबलक व शुद्ध पाणीपुरवठा' असे चार शब्द असतात आणि ते सर्व पक्षांच्या पत्रकांत सारखेच असतात. कार्यकर्ता मग म्हणतो, 'आपला माणूस निवडून आला की पहिलं काम तेच, मावशी.' मावशी मान हलवितात. काही सांगितले गेलेले नाही, हे दोघांनाही ठाऊक असते. दार बंद होते आणि वहीत त्या घरापुढे 'अनुकूल' अशी खूण पडते.

महाराष्ट्रात तर हे प्रश्न कित्येक वर्षे साचून राहिले होते. मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्याच्या आगेमागे राज्यातील बहुतेक महानगरपालिका, नगरपरिषदा, जिल्हा परिषदा व पंचायत समित्या प्रशासकांच्या हाती गेल्या. इतर मागास वर्गांच्या आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात आणि प्रभागरचनेचा घोळ सरकारदरबारी, अशा दुहेरी अडकित्त्यात निवडणुका अडकून पडल्या. वस्तुतः १९९२ च्या ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्तीने या संस्थांची मुदत पाच वर्षांची ठरवून दिली आहे आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक घेण्याचे बंधन घातले आहे. मुदत टाळता येणार नाही असे सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबाद महानगरपालिकेच्या प्रकरणात २००६ सालीच बजावले होते. तरीही ६ मे २०२५ रोजी त्याच न्यायालयाला महाराष्ट्रातील निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला, आणि डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदांसाठी व जानेवारी २०२६ मध्ये महानगरपालिकांसाठी मतदान झाले. मधल्या काळात शहरांची अंदाजपत्रके सभागृहातील चर्चेवाचून, एका अधिकाऱ्याच्या सहीने मंजूर होत होती. नगरसेवक कितीही निष्क्रिय असला तरी त्याच्या दाराची कडी वाजविता येते. प्रशासकाच्या दाराशी शिपाई बसलेला असतो. साहजिकच, निवडणूक जाहीर होताच जो पहिला कार्यकर्ता दारात आला, त्याच्यापुढे लोकांनी तीन-चार वर्षांचे सारे गाऱ्हाणे ओतले.

अशा वेळी कार्यकर्त्याने काय करावे? प्रचारयंत्रणेचे उत्तर ठरलेले आहे. वाद घालू नये, वेळ दवडू नये, एका घरी दोन मिनिटांहून अधिक थांबू नये. हिशेबाच्या दृष्टीने हे चुकीचे नाही. हजार घरे आणि दहा संध्याकाळी असतील तर दुसरे काही जमणार तरी कसे? परंतु या हिशेबात एक गृहीत दडलेले आहे. मतदाराचा प्रश्न हा प्रचाराच्या मार्गातील अडथळा आहे, आणि तो ओलांडून पुढे जायचे आहे, असे ते गृहीत आहे. ज्यांना केवळ मते हवी आहेत त्यांना ते परवडते. स्थानिक स्वराज्य हे लोकांनी स्वतः चालवावयाचे राज्य आहे असे जे मानतात, त्यांना परवडत नाही. अशा कार्यकर्त्याला खरे उत्तर द्यावे लागते, आणि खरे उत्तर बऱ्याचदा मते घालविणारे असते.

प्रथम साध्या, माहितीच्या प्रश्नांचा विचार करू. सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न यादीतील नावाचा. 'लोकसभेला नाव होतं, आता का नाही?' असे लोक चिडून विचारतात, आणि कार्यकर्ता 'बघतो, करून देतो' असे म्हणून सुटतो. ते त्याच्या हातात नसते. राज्य निवडणूक आयोग स्थानिक निवडणुकांसाठी स्वतंत्र मतदारयादी तयार करीत नाही. विधानसभेची यादी ठराविक तारखेला घेऊन ती प्रभागांत विभागली जाते. या वेळी १ जुलै २०२५ ची यादी आधारभूत धरली गेली. म्हणजे त्या दिवशी विधानसभेच्या यादीत ज्याचे नाव नव्हते, त्याने नंतर कितीही अर्ज केले तरी उपयोग नव्हता. नाव आहे पण भलत्याच प्रभागात गेले आहे, ही तक्रार प्रारूप यादीवर हरकती घेण्याच्या मुदतीत करावयाची असते, आणि ती मुदत प्रचार सुरू होण्यापूर्वीच संपलेली असते. मतदारनोंदणीसाठी आता वर्षातून चार तारखा आहेत : जानेवारी, एप्रिल, जुलै व ऑक्टोबर या महिन्यांची पहिली तारीख. जो कार्यकर्ता या तारखांना वस्तीत 'नमुना ६' घेऊन फिरकला नाही, त्याला मतदानाच्या आठवड्यात या प्रश्नाचे उत्तर देताना मान खाली घालावीच लागेल, आणि घालावी हे योग्यच आहे.

'मते किती द्यायची?' हाही प्रश्न वाटतो तितका अडाणीपणाचा नाही. मुंबईत एका प्रभागातून एकच सदस्य निवडला जातो. इतर महानगरपालिकांत बहुतेक ठिकाणी प्रभाग चार सदस्यांचे होते, म्हणजे 'अ', 'ब', 'क', 'ड' अशा चार जागांसाठी चार वेळा बटण दाबावयाचे. नगरपरिषदेत सामान्यतः प्रभागाच्या दोन जागांसाठी दोन आणि थेट निवडल्या जाणाऱ्या नगराध्यक्षासाठी एक, अशी तीन मते. ज्या जागेसाठी कोणीही पसंत नसेल तेथे 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण आहे. दर काही वर्षांनी सत्ताधाऱ्यांच्या सोयीनुसार एकसदस्यीय, द्विसदस्यीय, चारसदस्यीय अशी प्रभागपद्धती बदलत राहिली तर मतदाराने लक्षात तरी काय काय ठेवायचे? गटार तुंबले तर चौघांपैकी कोणाला धरायचे, हेही त्याला कळत नाही. चारसदस्यीय पद्धतीत जबाबदारी चौघांची म्हणजे कोणाचीच नाही, अशी लोकांची भावना आहे. तिला उत्तर देता येण्याजोगे नाही, कारण ती बव्हंशी खरी आहे.

याच वर्गात मोडतो असे वाटणारा, पण फार खोलवर जाणारा एक प्रश्न आहे. तो मोठ्याने विचारला जात नाही. बाई दार अर्धे लोटून घेते आणि हलक्या आवाजात विचारते, 'मत कोणाला दिलं ते त्यांना कळतं म्हणतात, खरं का?' कार्यकर्ता छाती ठोकून सांगतो, 'मुळीच नाही, मतदान गुप्त असतं.' आणि बाईचा विश्वास बसत नाही. का बसावा? तिला गेल्या निवडणुकीनंतरचा अनुभव आहे. निकालानंतर आठ दिवसांत तिच्या गल्लीचा टँकर बंद झाला होता आणि पलीकडच्या गल्लीत फरशा बसल्या होत्या.

येथे अर्धे खरे सांगणे हे खोटे सांगण्यासारखेच आहे. एका व्यक्तीचे मत कोणाला गेले हे यंत्रावरून कळत नाही, ही गोष्ट खरी, आणि ती ठामपणे सांगितली पाहिजे. परंतु मतमोजणी केंद्रनिहाय होते. एकेका केंद्रावर हजारभर मतदार असतात आणि पुष्कळदा ते एकाच वस्तीतले, एकाच चाळीतले, काही ठिकाणी एकाच जातीचे असतात. त्या वस्तीने कोणाला किती मते दिली हे निकालाच्या दिवशी दुपारपर्यंत सर्वांना समजलेले असते. कागदी मतपत्रिकांच्या काळात लोकसभा-विधानसभेसाठी निरनिराळ्या केंद्रांवरील मतपत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची तरतूद होती. यंत्रे आली आणि ती आडपडद्याची सोय गेली. अनेक यंत्रांतील मते एकत्रित करून केवळ बेरीज दाखविणारे उपकरण वापरावे, अशी सूचना भारताच्या निवडणूक आयोगाने २००८ साली केली होती. विधी आयोगाने २०१५ च्या आपल्या २५५ व्या अहवालात तिला पाठिंबा दिला. ती अमलात आली नाही. बाईला ही हकीकत या शब्दांत सांगण्याचे कारण नाही, परंतु एवढे सांगता येते : 'ताई, तुमचं एकटीचं मत कोणालाही कळणार नाही. तुमच्या गल्लीने काय केलं ते मात्र कळतं. म्हणून गल्लीने एकत्र बसून ठरवलंत, तर टँकर बंद करणाऱ्याला दहादा विचार करावा लागेल.' हे उत्तर दोन मिनिटांत होत नाही. पण भीतीला भीती म्हणून मान्यता मिळाली की माणसे पुष्कळ मोकळी होतात.

मतदान यंत्रासोबत चिठ्ठी दिसण्याची सोय का नाही, हा प्रश्न शिकलेल्या घरांतून येतो. लोकसभा-विधानसभेला ती असते. महाराष्ट्रातील या स्थानिक निवडणुकांत नव्हती. बहुसदस्यीय प्रभागांमुळे तांत्रिक अडचण आहे असे राज्य निवडणूक आयोगाचे म्हणणे होते. ते सांगावे, आणि ते कितपत पटण्याजोगे आहे याचा निर्णय ऐकणाऱ्यावर सोडावा. येथे आयोगाचे वकीलपत्र घेण्याचे कारण नाही आणि सारी निवडणूकच खोटी असे म्हणून लोकांना घरी बसविण्याचेही कारण नाही.

आता पुन्हा पाण्याकडे वळू, कारण त्या प्रश्नात नगरपालिकेचे सारे अर्थशास्त्र सामावलेले आहे. शहरी पाणीपुरवठ्याचे रूढ प्रमाण माणशी रोज १३५ लिटरचे आहे. पाच माणसांच्या कुटुंबाला रोज ६७५ लिटर, म्हणजे महिन्याला सुमारे वीस हजार लिटर. नदीतून वा धरणातून उपसा, वीज, शुद्धीकरण, वाहिन्यांची दुरुस्ती, नोकरांचे पगार हे सर्व धरून हजार लिटरमागे समजा २० रुपये खर्च येत असेल, तर एका कुटुंबामागे महिन्याला चारशे आणि वर्षाला सुमारे ४,८०० रुपये झाले. पाणीपट्टी वर्षाला समजा २,००० रुपये आहे. उरलेले २,८०० रुपये नगरपालिका दुसरीकडून आणते, किंवा आणत नाही. न आणल्यास गळक्या वाहिन्या तशाच राहतात, पंप बिघडतो, आणि पाणी चार दिवसांआड येते. हे आकडे गावागावांत वेगळे असतील. प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गावाचे आकडे नगरपालिकेच्या अंदाजपत्रकातून काढावेत. ते काढणे अवघड नाही. न मिळाल्यास माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे.

पण हिशेब येथेच थांबविला तर तो वरच्या आळीचा हिशेब होईल. ज्यांच्या घरी नळच नाही ते काय करतात? ते पिंप विकत घेतात. दोनशे लिटरचे पिंप ४० रुपयांना पडत असेल तर हजार लिटरला २०० रुपये झाले. म्हणजे आधीच्या उदाहरणातील खर्चाच्या दसपट दराने सर्वांत गरीब माणूस पाणी विकत घेतो, आणि नळवाल्या घराला, ते तीन मजली असले तरी, निम्म्याहून कमी दरात मिळते. पाणीपट्टी वाढवू नका अशी मागणी करणारे मोर्चे निघतात, त्यांत पुरोगामी पक्षही असतात; नळजोडणी नसलेल्यांची मागणी त्या मोर्च्यांच्या मागण्यांत बहुधा शेवटची असते. दारात उभ्या असलेल्या कार्यकर्त्याने नळवाल्या घरी सांगावयाचे खरे उत्तर असे आहे की, गरजेपुरते पाणी स्वस्त राहील, त्यावरचे महाग होईल, आणि त्या पैशांतून पलीकडच्या वस्तीला नळ जाईल. हे ऐकून काही दारे बंद होतील. झाकून ठेवून घेतलेली मते निवडून आल्यावर हेच करू देणार नाहीत, हे ध्यानात घेतले तर त्या बंद दारांची हळहळ कमी होते.

घरपट्टीचेही असेच आहे. 'घरपट्टी माफ करणार का?' हा प्रश्न नव्हे, सौदा आहे. आणि तो मतदारांना पक्षांनीच शिकविला आहे. मुंबईत पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ करण्याचे आश्वासन २०१७ च्या निवडणुकीत दिले गेले आणि जानेवारी २०२२ मध्ये, पुढची निवडणूक समोर दिसत असताना, पूर्ण माफीचा निर्णय झाला. लहान घराला सवलत देणे समतेच्या तत्त्वाला धरून आहे, त्याला विरोध करण्याचे कारण नाही. परंतु मुंबईचे अनुकरण ज्यांना मुंबईची श्रीमंती नाही अशा गावांनी सरसकट केले तर काय होईल? नगरपरिषदांची जकात १९९९ मध्ये गेली. महानगरपालिकांची जकात स्थानिक संस्था करात रूपांतरित झाली, आणि तो करही ऑगस्ट २०१५ मध्ये बहुतांश व्यापाऱ्यांसाठी रद्द झाला. मुंबईची जकात जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कराबरोबर संपली. प्रत्येक वेळी बदल्यात राज्याकडून भरपाई वा अनुदान आले. म्हणजे स्वतःच्या हातचे उत्पन्न गेले आणि दुसऱ्याच्या हातून येणारे आले. आता मोठे असे घरपट्टी-पाणीपट्टी एवढेच हाती उरले आहे. देशातील महानगरपालिकांचे महसुली उत्पन्न २०२३-२४ मध्ये राष्ट्राच्या स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६ टक्के इतकेच होते, असे रिझर्व्ह बँकेचा २०२४ चा अहवाल सांगतो. एवढ्या पैशांत ज्या संस्थांनी पाणी, गटारे, रस्ते, दिवे, दवाखाने आणि शाळा पाहावयाच्या, त्यांच्याच उत्पन्नावर निवडणुकीतील दातृत्व चालते.

येथून सर्वांत अवघड प्रश्नाकडे येता येते. तो कट्ट्यावर बसलेला, बऱ्यापैकी जाणकार माणूस विचारतो, आणि विचारताना त्याच्या चेहऱ्यावर किंचित हसू असते : 'वर सत्ता ज्यांची, त्यांनाच इथं निवडून दिलं तर निधी येईल. तुमचा माणूस देऊन गावाचं काय भलं होणार?'

याला 'लोकशाहीत असे चालत नाही' हे उत्तर देण्यात अर्थ नाही. असे चालते, हे तो डोळ्यांनी पाहतो. मंत्री प्रचारसभेत येऊन 'तिजोरीची चावी आमच्याकडे आहे' या अर्थाचे बोलतात आणि लोक टाळ्या वाजवितात. तेव्हा प्रश्नाचे दोन भाग करावे लागतात. निधी एकाच प्रकारचा नसतो. वित्त आयोगाचे अनुदान सूत्रानुसार येते. ते कोणत्या पक्षाची नगरपालिका आहे हे पाहत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी दिलेल्या अनुदानाचा मोठा हिस्सा पाणी व स्वच्छता यांसाठी बांधून दिला होता, आणि शहरांना ते मिळण्यासाठी मालमत्ता कराचे किमान दर ठरविणे, हिशेब जाहीर करणे अशा अटी घातल्या होत्या. घरपट्टी माफ करणाऱ्या आणि हिशेब न देणाऱ्या नगरपालिकेचे नुकसान तेथे आधी होते. लोकनियुक्त मंडळे नाहीत म्हणून या अनुदानाचे हप्ते रखडल्याचा अनुभवही महाराष्ट्राने प्रशासकांच्या काळात घेतला. जकातीच्या बदल्यात येणारी भरपाईही महानगरपालिकांना कायद्याने मिळते, कोणाच्या मेहेरबानीने नाही.

मात्र दुसरा एक निधी आहे, विशेष रस्ता अनुदान, वैशिष्ट्यपूर्ण योजना अशा नावांनी येणारा. तो मंत्रालयातून मर्जीनुसार सुटतो. कट्ट्यावरचा माणूस बोलतो तो या निधीबद्दल, आणि त्याचे म्हणणे खोटे नाही. त्याला एवढेच विचारावे की, गेल्या पाच-दहा वर्षांत या निधीतून गावात काय आले? बहुतेक ठिकाणी उत्तर ठरलेले असते : स्वागतकमान, सुशोभीकरण, चांगल्या रस्त्यावर पुन्हा काँक्रीट, चौकात पुतळ्याभोवती ग्रॅनाइट. जलवाहिनी क्वचितच आलेली असते, कारण जमिनीखाली गाडलेल्या वाहिनीवर नावाची पाटी लावता येत नाही. जो निधी मर्जीने येतो तो मर्जीनेच खर्च होतो. आणि मर्जीच्या निधीची गरज किती भासावी, हे गाव स्वतःचे उत्पन्न किती उभारते यावर अवलंबून असते. घरपट्टी माफ करा म्हणणारा आणि सत्ताधाऱ्याला मत दिल्यावाचून निधी नाही म्हणणारा, हा पुष्कळदा एकच माणूस असतो. पहिल्या मागणीने तो दुसरी परिस्थिती निर्माण करतो. हे त्याला चार शब्दांत, न दुखावता सांगता आले तर कार्यकर्त्याची एक संध्याकाळ सार्थकी लागली म्हणावयास हरकत नाही.

यावर तो म्हणेल, की मोठ्यांची घरपट्टी वसूल करा, मग आमच्याकडे या. तेही बरोबरच आहे. थकबाकीदारांची यादी प्रत्येक नगरपालिकेत असते आणि तिच्या वरच्या टोकाला झोपडीवाला कधीच नसतो. आपला उमेदवार निवडून आल्यास पहिल्या तीन महिन्यांत ही यादी रकमांसह चौकात लावील, एवढे आश्वासन जरूर द्यावे. ते पाळण्यास पैसा लागत नाही. उमेदवाराच्या स्वतःच्या घराची पावती मात्र आधी पाहून घ्यावी.

'तुमच्या पक्षाची सत्ता येणार नाही, मग मत वाया का घालवू?' याचे उत्तर तुलनेने सोपे आहे. मृणाल गोरे १९६१ साली मुंबई महानगरपालिकेवर निवडून आल्या तेव्हा सत्ता त्यांच्या पक्षाकडे नव्हती. तरी गोरेगावच्या पाण्यासाठी त्यांनी सभागृहात आणि रस्त्यावर जे केले, त्यामुळे लोक त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणून ओळखू लागले. त्याच्या कितीतरी आधी, १८७६ ते १८८२ या काळात महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतावर नगरपालिकेचा पैसा उधळण्यास विरोध करताना ते एकटे पडले होते. ठराव मंजूर झाला तो झालाच, पण तो एकमताने झाला असे म्हणण्याची सोय राहिली नाही. आणि एका मताची किंमत विचारणाऱ्यास २०१७ सालची मुंबईची गोष्ट सांगावी. गिरगाव भागातील एका प्रभागात दोन उमेदवारांना अगदी सारखी मते पडली आणि नगरसेवक चिठ्ठी काढून ठरवावा लागला. त्या प्रभागात त्या दिवशी कंटाळा करून घरी राहिलेले कितीतरी असतील.

निवडून आल्यावर पक्ष बदलणार नाही कशावरून, या प्रश्नाला २०२२ व २०२३ नंतरच्या महाराष्ट्रात कोणत्याही पक्षाच्या कार्यकर्त्याने फुशारकीने उत्तर देऊ नये. स्थानिक संस्थांच्या सदस्यांसाठी १९८६ चा स्वतंत्र अनर्हता कायदा आहे, परंतु तक्रार, सुनावणी आणि अपील यांतच बरीचशी मुदत निघून जाते. उमेदवार कसा निवडला, तो वस्तीत किती वर्षे काम करतो, यापलीकडे देण्यासारखी हमी नसते. ती थोडी आहे, हे कबूल करावे.

पाकिटाचा प्रश्नही येतो, आणि तो विचारणारी माणसे निर्लज्ज नसतात. 'ते घरी हजार देऊन गेले. परत कसे करू?' लाच देणारा व घेणारा दोघेही कायद्याने दोषी आहेत हे खरे, पण हे कलम मोलकरणीला ऐकवून कार्यकर्ता केवळ आपली सोवळी वाढवितो. जिच्या घरी महिन्याच्या अखेरीस तेल संपलेले आहे तिने पाकीट परत करावे असे सांगण्याचा अधिकार ज्याच्या घरी तेल संपत नाही त्याला कितपत आहे, याचा विचार करावा. तिची खरी अडचण निराळी आहे. पैसे घेतले तर मत द्यावेच लागेल, नाही तर शपथ मोडल्याचे पाप लागेल, असे तिला वाटते. काही ठिकाणी अंगारा वा देवाच्या फोटोवर हात ठेवून शपथ घेवविली जाते. तेथे एवढेच म्हणावे, की धाकाने वा पैशाने घेतलेली शपथ तिच्यावर बंधनकारक नाही, आणि मत कोणाला दिले हे ती आणि यंत्र यांच्याशिवाय कोणालाही कळणार नाही. मघाशी गुप्ततेबद्दल खरे बोललेल्या कार्यकर्त्याच्या या शब्दावर तिचा विश्वास बसण्याचा संभव असतो.

झोपडवस्तीत 'घर नावावर कधी होणार?' असे विचारतात आणि घरपट्टीच्या पावत्या पिशवीतून काढून दाखवितात. वीस-वीस वर्षांच्या पावत्या, प्लास्टिकमध्ये जपून ठेवलेल्या. घरपट्टी भरल्याने जागेची मालकी मिळत नाही, ही गोष्ट त्यांना कोणीही सांगितलेली नसते. उलट प्रत्येक निवडणुकीत त्या पावत्यांकडे पाहून 'होईल, होईल' असेच सांगितलेले असते. जागा सरकारची असेल तर प्रश्न महसूल खात्याचा, खासगी असेल तर आणखी बिकट; नगरपालिका फार तर सर्वेक्षण करील, ठराव करील, पाठपुरावा करील. हे सांगताना कार्यकर्त्याची जीभ जड होते. त्या पावत्या वाया गेलेल्या नाहीत, वास्तव्याचा पुरावा म्हणून त्यांचा उपयोग आहे, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे. आणि त्या फोटो काढून ठेवण्यास मदत केली पाहिजे. पत्रके वाटण्याचे काम तेवढा वेळ थांबले तरी चालेल.

असे प्रश्न लिहून घेण्याची एक वही असावी. कोणत्या घरी काय विचारले, काय उत्तर दिले, कोणते उत्तर देता आले नाही. प्रचारप्रमुखांना ती वही निरुपयोगी वाटेल, कारण तीत अनुकूल-प्रतिकूल अशा खुणा नसतील. निवडणुकीनंतर मात्र अंदाजपत्रकावर बोलताना नगरसेवकाला, आणि उमेदवार पडल्यास नगरपालिकेला अर्ज लिहिताना कार्यकर्त्याला, तिच्याइतका उपयोगी कागद दुसरा नाही. एकेका प्रभागातील दोन-तीनशे घरांचे प्रश्न एकत्र वाचले तर त्यातले निम्मे पाच-सहा गोष्टींचेच आहेत असे दिसून येईल, आणि त्यांतील दोन-तीन तरी पुढच्या अंदाजपत्रकात बसणाऱ्या असतील. अंदाजपत्रक मार्चअखेर मंजूर व्हावयाचे असते, म्हणून ही वही जानेवारीतच उघडली पाहिजे.

त्या वहीत एक प्रश्न बहुतेक प्रत्येक पानावर सापडेल. तो निवडणुकीबद्दल नसतोच. दारातली आजी पत्रक उलटेपालटे करून पाहते, चष्मा नसल्याने परत देते, आणि म्हणते, 'तुमचा माणूस पडला, तर तुम्ही परत याल का रे बाबा?' या प्रश्नापुढे उत्तर लिहू नये. घराचा क्रमांक लिहावा आणि निकालानंतरच्या आठवड्यातील एक तारीख.